विद्यार्थिनीचा निबंध आणि आत्मविकासाचा निकष

१

पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्याने नेमलेल्या ग्रंथांच्या वाचनाविषयी चिंतनपर लेख लिहावा, ही प्रथा आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. स्त्रियांचे साहित्य किंवा स्त्रीहक्कांचा विचार हा जेथे अभ्यासविषय असतो तेथे तर अंतर्गत मूल्यमापनासाठी असा लेख बहुधा मागितला जातो. या वाचनाने तुमच्यात कोणता पालट घडविला, हा त्यामागील प्रश्न होय. तो स्पष्ट शब्दांत विचारलेला नसला तरी विद्यार्थी तो ओळखून असतात. परिणामी या लेखनाला एक ठरावीक घाट प्राप्त झाला आहे. आरंभी लेखिकेचे पूर्वीचे अज्ञान किंवा संकोच, मध्ये ग्रंथाची गाठ, आणि शेवटी आत्मविश्वासाचा लाभ, असा त्याचा क्रम असतो. स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न मधल्या भागात येतो, लेखिकेच्या उन्नतीला कारण होतो आणि कार्य आटोपल्यावर निघून जातो.

असे लेखन अप्रामाणिक असते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्यातील कित्येक लेख मनापासून लिहिलेले असतात, आणि ज्या घरातून मुलगी विद्यापीठापर्यंत येते त्या घराचा विचार केला म्हणजे तिच्या आत्मविश्वासाचे मोल कमी लेखता येत नाही. प्रश्न आहे तो निकषाचा. लेखिकेत काय बदलले याची कबुली जितकी स्पष्ट तितका लेख चांगला, असे आपण नकळत मानू लागलो आहोत. हा निकष साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने कितपत टिकतो, आणि ज्या हक्कांच्या नावाने हा अभ्यास चालतो त्यांना तो कितपत न्याय देतो, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. मराठीतील स्त्रीलेखनाच्या अर्वाचीन परंपरेच्या अगदी आरंभीच एका विद्यार्थिनीचा निबंध उभा आहे. १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' पत्राने दोन हप्त्यांत छापलेला, मुक्ता साळवे या मुलीचा 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा तो निबंध होय. प्रस्तुत लेखात प्रथम या निबंधाचे वाचन करावयाचे आहे. नंतर ताराबाई शिंदे व रमाबाई रानडे यांच्या ग्रंथांशी त्याची तुलना करून वरील निकषाचा निर्णय करावयाचा आहे. तुलनेचे सूत्र म्हणून सर्वनामांचा आधार घेतला आहे. 'मी', 'आम्ही', 'तुम्ही' या शब्दांचा उपयोग लेखिका कसा करते यावरून ती स्वतःला कोठे उभी करते आणि कोणाशी बोलते हे पुष्कळसे उलगडते, अशी या मांडणीमागील धारणा आहे.

२

मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात काढलेल्या शाळांपैकी एका शाळेतील विद्यार्थिनी. निबंध छापला गेला तेव्हा तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे, आणि तिचे शालेय शिक्षण सुमारे तीन वर्षांचे. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे, १८४२ साली सुरू झालेले पत्र. दलितांच्या दुःखाविषयी त्यांच्यापैकीच एका मुलीने लिहिलेला मजकूर त्यात प्रसिद्ध व्हावा, ही त्या काळातील असाधारण घटना होती. १९९१ साली सुसी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनात या निबंधाचा समावेश झाला, आणि तेव्हापासून महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांनाही त्याचा परिचय घडला.

तथापि या निबंधाचा उल्लेख जितक्या वेळा होतो तितक्या वेळा तो वाचला जातो असे दिसत नाही. उल्लेख होतो तो पहिली दलित लेखिका, चौदा वर्षांची मुलगी, धाडसी प्रश्न, अशा विशेषणांनी. हा गौरव यथार्थ असला तरी त्यात एक धोका आहे. निबंधाकडे एक चमत्कार म्हणून पाहिले की त्याच्या रचनेकडे पाहण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः त्याचे खरे सामर्थ्य रचनेतच आहे.

निबंधाच्या आरंभी लेखिका स्वतःचा उल्लेख करते. परंतु तो अत्यंत थोडक्यात. आपण दीन व दुबळ्या आहोत, आपल्या लोकांच्या दुःखाचा विषय ईश्वरानेच आपल्या अंतःकरणात घातला, आणि शक्तीप्रमाणे आपण तो हाती घेत आहोत, असे ती सांगते. तीन वर्षांपूर्वी आपल्याला अक्षर येत नव्हते आणि आता येते, ही गोष्ट ती सांगत नाही. शाळेने आपल्यात काय घडविले याचे वर्णन ती करीत नाही. आजच्या निकषाने ज्या गोष्टीला सर्वाधिक गुण मिळाले असते तीच येथे अनुपस्थित आहे.

तिच्या जागी एक युक्तिवाद येतो. वेद केवळ आमचे, इतरांनी ते पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. तर मग आम्हांला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. आणि ज्यांना धर्मपुस्तक नाही ते धर्मरहित ठरले. मग आमचा धर्म कोणता, ते ईश्वरानेच सांगावे, असा हा क्रम आहे. प्रतिपक्षाचे विधान खोडून काढण्याचा प्रयत्न लेखिका करीत नाही. ती ते जसेच्या तसे स्वीकारते, त्यातून निष्पन्न होणारी गोष्ट पुढे ठेवते, आणि ती स्वीकारण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर टाकते. वादपद्धतीची ही जाण शास्त्रीबुवांच्या सभेतही प्रशंसेस पात्र ठरली असती. एकाने सेवन करावे आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे, अशा प्रकारचा धर्म नष्ट होवो, येथपर्यंत ती या तर्काच्या बळावर पोचते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाचन, आत्मविकास आणि हक्क या तीन विषयांची सांगड आपण आजच्या अभ्यासक्रमात घालतो. ती या निबंधातही आहे, पण निराळ्या क्रमाने. मुक्ताच्या दृष्टीने ग्रंथ कोणाचा, तो वाचण्याचा अधिकार कोणाला, हा पहिला प्रश्न आहे. वाचनाने मनुष्य कसा घडतो हा त्यानंतरचा. आजच्या चिंतनलेखात ग्रंथ अभ्यासक्रमाने हातात दिलेला असतो, आणि म्हणून पहिला प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही. वाचनाचा हक्क मिळालेल्यांनी वाचनाचा आनंद सांगावा हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या लेखनाचा विषयच हक्क हा आहे त्यात हा प्रश्न गळून पडणे, ही मोठी उणीव होय.

३

निबंधाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील संबोधनांची पालट. एवढ्याशा निबंधात लेखिका तिघांशी बोलते : ईश्वराशी, पंडितांशी आणि स्वतःच्या लोकांशी. प्रत्येक वेळी तिचा आवाज बदलतो, आणि सर्वनामांचा संबंधही बदलतो.

ईश्वराशी बोलताना ती 'आम्ही' म्हणते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद आहे. 'आपण' हा शब्द ऐकणाऱ्याला सामावून घेतो, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवतो. मुक्ताचा 'आम्ही' पंडितांना बाहेर ठेवणारा आहे, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांनी तिला अगोदरच बाहेर ठेवले होते. परंतु हा 'आम्ही' भाबडा नाही. महारांना मांगांहून श्रेष्ठ मानले गेल्यामुळे त्यांच्यातही वरिष्ठांचा थोडा स्वभाव शिरला असून मांगांच्या सावलीचाही त्यांना विटाळ होतो, हे ती लपवीत नाही. निबंधाच्या शीर्षकात ज्या दोन जाती एकत्र जोडल्या आहेत त्यांच्यातील भेगही ती दाखविते. आपल्या पक्षाचे दुःख मांडताना आपल्या पक्षातील उच्चनीचतेकडे डोळेझाक न करणे, ही परिपक्व लेखकाची खूण मानली जाते.

पंडितांशी बोलताना 'मी' परत येतो. तुमचे स्वार्थी पांडित्य बाजूला ठेवा आणि मी सांगते तिकडे लक्ष द्या, अशा आशयाचे आवाहन ती करते. आरंभीचा दीन 'मी' आणि हा 'मी' यांतील अंतर मोजण्यासारखे आहे. पहिला ईश्वरापुढे वाकलेला होता; दुसरा पंडितांना ऐकावयास लावणारा आहे. लेखिकेचा विकास जर कोठे दाखवावयाचा असेल तर तो येथे, या दोन सर्वनामांमधील अंतरात दाखविता येईल. तिने तो सांगितलेला नाही. तो तिच्या वाक्यांत घडलेला आहे.

आणि पंडितांना ती काय सांगते? आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते. थंडी, वारा, पाऊस यांनी त्यांना काय यातना होत असतील याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती म्हणते. त्यातच आजार उद्भवला तर वैद्याला व औषधाला पैसा कोठून आणावा, असा पुढचा प्रश्न आहे. या उताऱ्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एक तर जातीच्या दुःखाचे वर्णन येथे स्त्रीच्या देहापाशी येऊन पोचते. पेशवाईच्या अखेरच्या काळातील क्रौर्याच्या ज्या हकिकती तिने आधी दिल्या आहेत, म्हणजे तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांगमहारांचा शिरच्छेद किंवा इमारतींच्या पायात त्यांना जिवंत पुरणे, त्या ऐकलेल्या इतिहासातील आहेत. बाळंतिणीचे दुःख मात्र घरातले आहे आणि वर्तमानातले आहे. ते हकिकतींच्या ओळीत बसविण्याची बुद्धी होणे हाच एक स्वतंत्र विचार आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अनुभवाचा उल्लेख येथे आहे, परंतु ज्याला साक्षीस बोलाविले आहे तो अनुभव लेखिकेचा नसून वाचकाचा आहे. आजच्या चिंतनलेखात लेखिका आपला अनुभव पुढे ठेवते आणि वाचकाने तो मान्य करावा अशी अपेक्षा करते. मुक्ता वाचकाला त्याच्याच घरातील बाळंतिणीकडे पाहावयास सांगते. त्यामुळे वाचकाला दूर उभे राहून सहानुभूती दाखविण्याची सोय राहत नाही. हक्काची मागणी आणि दयेची याचना यांतील भेद नेमका येथे आहे. याचनेत वाचक दाता असतो. मागणीत त्याला स्वतःची तपासणी करावी लागते.

शेवटाकडे ती स्वतःच्या लोकांकडे वळते, आणि तेथे 'आम्ही' सुटून 'तुम्ही' येतो. तुम्ही रोगी आहात, ज्ञानाचे औषध घ्या, असे ती त्यांना सांगते. शिक्षणामुळे तिच्यात आणि तिच्या समाजात जे अंतर पडले ते या एका शब्दात दिसते. ती त्यांच्यातलीच आहे आणि तरीही त्यांना उद्देशून बोलण्याइतकी बाजूला सरली आहे. या स्थितीतील वेदना तिने उघड केलेली नाही. पण शिकलेल्या पहिल्या पिढीच्या लेखनात हा 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांमधील झोका पुढे अनेकदा येतो. आणि त्याचा एक फार जुना दाखला म्हणून या निबंधाकडे पाहता येते.

४

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. चौदा वर्षांच्या मुलीचे हे शब्द तिचे स्वतःचे कशावरून? ज्ञान हेच औषध हा विचार तिच्या गुरूंचा आहे. ज्या वर्षी हा निबंध छापला गेला त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, आणि शिक्षणाने डोळस होणारे अडाणी दांपत्य हाच त्याचा विषय आहे. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मधला, आणि त्यातही विद्येचा पुरस्कार आहे. ईश्वराला उद्देशून असलेली भाषा मिशनच्या पत्राला साजेशी आहे, आणि इंग्रजी राज्याविषयीची कृतज्ञता त्या काळच्या सुधारकांच्या लेखनात सर्वत्र आढळते.

हा आक्षेप अगदीच फोल नाही. परंतु त्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे. विद्यार्थ्याच्या कोणत्याही निबंधात अध्यापकाचा आवाज असतोच. आपल्या वर्गांतील उत्तम लेखांतही तो असतो. फरक इतकाच की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तेव्हा आवाज कोणाचा हा प्रश्न विचारण्याऐवजी घेतलेल्या विचाराचे विद्यार्थिनीने काय केले, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी होईल. शिक्षणाचा पुरस्कार शाळेत शिकता येतो. दगड लागून रक्त निघाले तरी आपली मुले तक्रार करीत नाहीत, कारण त्याच घरी उष्टे मागावयास जावे लागते, हे कार्यकारण मात्र पाठ्यपुस्तकातून येण्याजोगे नाही. भूक आणि न्याय यांचा संबंध तेथे एका वाक्याच्या अंतरात उलगडला आहे. गुरूंकडून मिळालेला सिद्धांत आणि वस्तीतून आलेला तपशील यांचा जेथे सांधा जुळतो तेथे विद्यार्थ्याचे स्वत्व शोधावे, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

निबंधाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. इंग्रजी अमलाने केलेल्या सुधारणांचे वर्णन करताना त्या अमलाच्या स्वार्थाकडे लेखिकेचे लक्ष जात नाही. ज्ञान हे औषध म्हटल्यावर रोगाचे कारण रोग्याच्या अज्ञानात शोधल्यासारखे होते, आणि निबंधाच्या पूर्वार्धातील युक्तिवादाशी याचा पूर्ण मेळ बसत नाही. ज्यांना ग्रंथापासून मुद्दाम दूर ठेवले त्यांच्या अज्ञानाला रोग म्हणणे अपुरे आहे. ही विसंगती लेखिकेच्या वयाची मानण्यापेक्षा सुधारणावादाची मानणे अधिक न्याय्य होईल, कारण तिच्याहून पुष्कळ वडील लेखकांतही ती आढळते.

५

मुक्ताच्या निबंधानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. ताराबाई बुलढाण्याच्या, त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. गर्भजात अर्भकाच्या हत्येबद्दल विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला सुरतेच्या न्यायालयाने १८८१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, पुढे ती अपिलात कमी झाली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जो भडिमार झाला त्याचे उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिले गेले. प्रतिकूल टीकेच्या वेळी जोतीरावांनी 'सत्सार' मध्ये त्याची बाजू घेतली. नंतर जवळजवळ शतकभर ते विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले.

ताराबाईंचे सर्वनाम 'तुम्ही' हे आहे. पुस्तक सर्वस्वी पुरुषांना उद्देशून असल्यासारखे वाटते. स्त्रियांवर जे दुर्गुण लादले जातात ते एकेक घेऊन, तेच तुमच्यात नाहीत काय, असे त्या विचारतात. मुक्ताने प्रतिपक्षाचे विधान स्वीकारून त्याचा निष्कर्ष त्याच्या पदरात टाकला. ताराबाई प्रतिपक्षाचा आरोप उचलून त्याच्याच अंगावर परत करतात. दोन्ही पद्धतींत लेखिकेच्या स्वतःच्या जीवनाचा वृत्तान्त जवळजवळ नाही. ताराबाईंच्या घरची, विवाहाची, दुःखाची हकिकत पुस्तकातून काढू म्हटले तर हाती फार थोडे लागते. तरीही वाचून संपल्यावर लेखिकेचे व्यक्तिमत्त्व ठसठशीतपणे डोळ्यांपुढे उभे राहते, ते तिच्या वाक्यांच्या वेगामुळे, उपहासामुळे आणि धीटपणामुळे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या पुस्तकातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे ताराबाईंचे साहित्यवाचन. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या आणि 'मनोरमा' नाटक यांचा त्या समाचार घेतात, आणि त्यांतील स्त्रीचित्रे खऱ्या संसाराशी ताडून पाहतात. पुराणकथांनाही त्या याच कसोटीला लावतात. नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेलेल्या सावित्रीची कथा सर्वांना ठाऊक आहे. बायकोसाठी तेथवर गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. मराठीत समीक्षेची परिभाषा अजून घडत असताना एका स्त्रीने वाङ्मयातील आदर्शांची अशी झडती घ्यावी, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे नोंदविली जावयास हवी. ग्रंथाने मला काय दिले हा ताराबाईंचा प्रश्न नव्हता. ग्रंथ माझ्याविषयी खरे बोलतो काय, हा होता. पहिला प्रश्न वाचकाला ऋणी करतो. दुसरा त्याला परीक्षक करतो.

६

आता उलट बाजूचे उदाहरण घेतले पाहिजे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक आत्मविकासाची कथा म्हणून आपल्याकडे सर्वमान्य आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह, पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आग्रहाने अक्षरओळख, मग मराठी वाचन, मग इंग्रजी, आणि या प्रत्येक पायरीवर घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध, हा त्यातील प्रवास आहे. आजच्या चिंतनलेखाचा आद्य नमुना शोधावयाचा तर तो येथे सापडेल.

परंतु या पुस्तकाच्या नावातील 'आमच्या' हे सर्वनाम पाहावे. ते मुक्ताच्या 'आम्ही' सारखे समूहाचे नाही. पतिपत्नींचे आहे, आणि त्यात पतीचे वजन अधिक आहे. लेखिकेची वाढ हा पतीच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून येते. १९०१ मध्ये रानड्यांचा अंत होतो आणि तेथे आठवणीही संपतात. पुस्तकातील रमाबाई एकाच वेळी पतीच्या आज्ञेत आणि घरातील बायकांच्या धाकात असतात. शिकावे तर सासरच्या बायका दुखावतात, न शिकावे तर पती दुखावतो. या कोंडीचे वर्णन त्यांनी इतक्या सूक्ष्मपणे व संयमाने केले आहे की मराठी गद्यात त्याला तोड थोडी आहे. मात्र या कोंडीला अन्याय म्हणण्याची पाळी त्या स्वतःवर येऊ देत नाहीत. विकासाची कथा कृतज्ञतेत पर्यवसान पावते.

याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदनाचे कार्य उभे केले, मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी खटपट केली, आणि मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला. मुंबई विधिमंडळाने १९२१ मध्ये तो अधिकार मान्य केला. म्हणजे हक्काची मागणी त्यांच्या आयुष्यात होती. ती त्यांच्या पुस्तकात नाही. असे का व्हावे? त्या काळच्या विधवेला पतीविषयी लिहिताना असलेल्या मर्यादा हे एक कारण खरे. परंतु दुसरे कारण वाङ्मयप्रकाराच्या स्वभावातच आहे. आत्मविकासाच्या कथेला एक उपकारकर्ता लागतो : पती, गुरू किंवा ग्रंथ. उपकाराची भाषा आणि हक्काची भाषा एका वाक्यात नांदणे अवघड असते, कारण जे उपकार म्हणून मिळाले ते हक्काचे होते असे म्हणताच उपकाराची कथा मोडते. आजच्या चिंतनलेखात पतीच्या जागी अभ्यासक्रम आला आहे, कृतज्ञता मात्र तीच राहिली आहे.

हे रमाबाईंच्या पुस्तकाचे अवमूल्यन नव्हे. उलट, त्यांच्या संयमित गद्याखाली दबलेल्या कोंडीचे तपशील इतके नेमके आहेत की वाचकाला तो अन्याय स्पष्ट दिसतो, आणि लेखिकेने त्याला नाव न देणे हाही पुराव्याचाच एक भाग ठरतो. पण त्यासाठी वाचकाने पुस्तकाच्या स्वरूपाविरुद्ध जाऊन वाचावे लागते. विद्यार्थ्यांना हे पुस्तक केवळ प्रेरणादायक कथा म्हणून दिले तर नेमके तेच वाचन त्यांच्या हातून निसटते.

७

येथे दुसरा, आणि अधिक गंभीर, आक्षेप विचारात घेतला पाहिजे. स्त्रीच्या लेखनात 'मी' येणे हाच एक कष्टाने मिळविलेला हक्क आहे. शतकानुशतके तिच्या वतीने इतरांनी लिहिले. आता विद्यार्थिनी स्वतःविषयी लिहू लागल्यावर तिला 'मी' कमी कर आणि युक्तिवाद वाढव असे सांगणे म्हणजे जुन्याच शिस्तीचा नवा अवतार नव्हे काय? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) या ग्रंथाचे उदाहरण या पक्षाला भक्कम आधार देते. तेथे 'मी' पानोपानी आहे, आणि त्या 'मी'ने मराठी गद्याला नवी मोकळीक दिली, हे कोणीही नाकारणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर असे की 'मी' दोन प्रकारचा असतो. एक साक्षीदार 'मी', जो पाहिलेले सांगतो आणि वाचकाला ते तपासू देतो. दुसरा फलित 'मी', जो वाचनाचा परिणाम म्हणून स्वतःला पुढे करतो आणि अभिनंदनाची वाट पाहतो. लक्ष्मीबाईंचा 'मी' पहिल्या जातीचा आहे. त्या स्वतःची फजिती ज्या मोकळेपणाने सांगतात त्याच मोकळेपणाने पतीची लहरही सांगतात, आणि आपण किती बदललो हे वाचकानेच ताडून पाहावे म्हणून सोडून देतात. मुक्ताने पंडितांना ऐकावयास लावले तो 'मी'ही याच जातीचा. तेव्हा विद्यार्थिनीच्या लेखनातून 'मी' काढून टाकावा असे येथे सुचविलेले नाही. तिला फलित म्हणून सादर होण्यास भाग पाडू नये, एवढेच सुचविले आहे.

आणि भाग पाडणारे आपण आहोत. विद्यार्थी जे लिहितात ते बव्हंशी आपल्या प्रश्नाचे उत्तर असते. तुमच्यात काय बदल झाला असे विचारल्यावर बदल झाला नाही असे उत्तर देण्याचे धैर्य ज्याच्या गुणांचा निर्णय आपल्या हातात आहे त्याला कोठून येणार? शिवाय हा प्रश्न सर्वांना सारखा पडत नाही. जिच्या घरात तीन पिढ्या ग्रंथ आहेत तिला वाचनाने झालेला पालट सांगणे हा एक सुखद व्यायाम असतो. जी आपल्या घरातील पहिली पदवीधर आहे तिच्याकडून मात्र आपण नकळत एक उद्धारकथा मागत असतो, आणि तिच्या घराला त्या कथेतील अंधार व्हावे लागते. मुक्ताने आपल्या वस्तीचे दुःख लिहिले, परंतु ती वस्ती म्हणजे स्वतःच्या प्रकाशाची पार्श्वभूमी केली नाही. हा भेद अध्यापकाने विसरता कामा नये.

यावरून मूल्यमापनासाठी तीन प्रश्न सुचविता येतात. लेख कोणाला उद्देशून आहे, आणि तो वाचून त्या वाचकाला काही उत्तर देणे भाग पडते काय, हा पहिला. वाचलेल्या ग्रंथाचे विधान लेखिकेने नुसते स्वीकारले आहे, की ताराबाईंप्रमाणे आपल्या परिचित जगाशी ताडून पाहिले आहे, हा दुसरा. अध्यापकाकडून आलेला सिद्धांत आणि लेखिकेच्या परिसरातून आलेला तपशील यांचा सांधा कोठे जुळतो किंवा कोठे जुळत नाही, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखाच्या पानावर सापडतात. त्यासाठी लेखिकेच्या अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार परीक्षकाला घ्यावा लागत नाही. आत्मविकास झाला की नाही हे ठरविणे परीक्षकाचे काम नव्हे. वाक्य कसे उभे राहिले, तर्क कोठवर गेला, आणि पुरावा कोणता दिला, हे पाहणे त्याचे काम आहे.

अभ्यासक्रमाच्या आखणीतही याचा विचार व्हावा. वर चर्चिलेले तीन ग्रंथ बहुधा निरनिराळ्या पत्रिकांत विभागले जातात : मुक्ताचा निबंध दलित साहित्यात, ताराबाईंचे पुस्तक स्त्रीवादात, रमाबाईंच्या आठवणी आत्मचरित्रात. ते एकत्र वाचले तर 'आम्ही', 'तुम्ही' आणि 'आमच्या' या तीन सर्वनामांतून हक्काच्या भाषेचे तीन पर्याय विद्यार्थ्यांपुढे उभे राहतील, आणि आपल्या लेखात कोणते सर्वनाम वापरावे, कोणाशी बोलावे, हा निर्णय त्यांना समजून उमजून घेता येईल. पहिल्या सत्रात हे तीन ग्रंथ एकाच पत्रिकेत नेमावेत, आणि सत्राअखेरच्या लेखासाठी वरील तीन प्रश्न विद्यार्थ्यांना अगोदरच सांगून ठेवावेत, अशी सूचना विभागाच्या विचारार्थ येथे मांडली आहे.